एक जून

पहाटे बेटावदच्या स्टेशनरोडवर आम्ही धावतो,
भरतीची पोरं, बारा-तेरा जण.
सोळाशे मीटरच्या खुणांना चुना आम्हीच मारलाय.
शेवटच्या खुणेपाशी, मोरीच्या कठड्यावर
धुडकूबाबा बसलेला, मफलर गुंडाळून, हातात घड्याळ.
ते चालतं का, कुणी विचारत नाही.
"पाच चाळीस," तो म्हणतो. "पकडला गेलास."

मग आम्ही धापा टाकत उभे,
आणि तो सांगतो ते कुठल्याच अकॅडमीत नाही.

नाव सांगायचं. हुद्दा. नंबर. जन्मतारीख.
पाचवं काही विचारलं तर पुन्हा नावापासून.
आवाज चढवायचा नाही.
शिवी तर नाहीच. शिवी दिली की तोंड उघडतं,
आणि उघड्या तोंडातून काय सांडेल, भाऊ,
आपलं आपल्याला ठाऊक नसतं.

पाणी घोटभर तोंडात धरायचं, मग गिळायचं.
डाळीतला किडा काढत बसायचं नाही.
पायाच्या बोटांमधली जागा रोज कोरडी करायची,
पाय गेले तर माणूस बसल्याजागी फितूर होतो.
शेजारच्या कोठडीतला खोकला ओळखून ठेवायचा.
तो थांबला, तर भिंतीवर ठोकायचं.

भिंतीवर रेघा मारू नका. त्या सिनेमात मारतात.
मी रात्री पॅसेंजर सोडायचो, डोक्यात:
धरणगाव, अमळनेर, पाडसे, बेटावद, नरडाणा,
प्रत्येक ठेसनावर कोण चढलं, कुणाच्या टोपलीत काय,
केळीचा घड कुणी सीटखाली सरकवला.
फक्त बेटावदला उतरायचं नाही, हा नियम.
एकदा उतरलो होतो.
सकाळी कोठडीत परत यायला पाय उचलेना.

"जन्मतारीख काय सांगितली, बाबा?"
"एक जून."
आणि तो हसतो, वरच्या दोन दातांनी.
सुपडू मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून वाटला होता,
खिरापतीसारखा.
मी तर हुरड्यातला. त्या साली टोळ आले होते,
माय थाळी बडवता बडवता बाळंत झाली.
चार खऱ्या गोष्टी सांगायच्या, त्यात एक खोटी निघाली!
तो मेजर दर खेपेला सुबक अक्षरात लिहून घ्यायचा.
मनात म्हणायचो, घे. लिही.
माझं जन्मणं माझ्याकडेच राहू दे.

इकडे रेडिओवर कैद्यांची नावं वाचली.
"दूडको राघू" असं काहीतरी ऐकू आलं.
ट्रंकेतला कागद काढून गावाने नंबर ताडला. जुळला.
मास्तरांनी दाखल्यावरची तारीख ताडली, तीही जुळली.
माय म्हणाली, "जून?
तो मना आंडोर नही.
मना आंडोर हुरडाना दिनमा व्हयना."
अकरा महिने तिने कुणाचं पेढ्याचं बोट
तोंडाला लागू दिलं नाही.

"आणि सुटून आलात तेव्हा?"
खरी गाडी खऱ्या बेटावदला थांबली.
फलाटावर हार, ताशा, मास्तर, माय.
मी खिडकीतून सगळं पाहिलं
आणि उतरलो नाही.
नरडाण्यापर्यंत तसाच गेलो,
तिथून रुळांच्या कडेकडेने परत आलो, रात्र झाली.
दार उघडून माय म्हणाली, "हाऊच शे."

जयपाल गिरासेने मागच्या आठवड्यात विचारलं,
"बाबा, मारलं का हो तुम्हाला तिथं?"
धुडकूबाबा ताठ बसला.
नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. नंबर,
एकेक आकडा सुटा सुटा.
एक जून.
जयपालने पुन्हा विचारलं नाही.

माझी जन्मतारीख खरी आहे.
धुळ्याचं सिव्हिल, चार वाजून दहा मिनिटं, वजनासकट.
फॉर्म भरताना पेन तिथंच थांबलं जरा:
माझ्याकडे काय आहे,
जे कुठल्याच कागदावर नाही?

"उद्या पाच तीस," बाबा घड्याळ झटकतो.
"आणि मोजे धुवा रे."